खुंटाच्या अलीकडे, खुंटाच्या पलीकडे

अंधेरी पश्चिमेला चार बंगल्याजवळ, लोखंडवाला रस्त्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं (एनआयओचं) मुंबईचं केंद्र आहे. तिथून थोड्या अंतरावर, यारी रोडच्या बाजूला, १९६१ साली सुरू झालेली केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था. तिच्यामुळे सात बंगल्याकडच्या एका रस्त्याला फिशरीज युनिव्हर्सिटी रोड हे नाव पडलं. आणि त्यापुढे वर्सोवा कोळीवाडा. डोलीच्या होड्या, वलांडीवर टांगलेले बोंबील, जमिनीवर वाळत घातलेला जवळा. समुद्राचा अभ्यास करणारे आणि समुद्रावर पोट असणारे एकाच पिनकोडाच्या आसपास राहतात, पण त्यांचं समुद्राबद्दल एकमत झालेलं मी फारसं पाहिलं नाही.

खालचा संवाद मी रचलेला आहे. एक बोलणारा वर्सोव्याचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख; डोलीची, म्हणजे समुद्रात ठोकलेल्या खुंटाला बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची, मासेमारी करणारा. दुसरी त्याची भाची. ती प्लवकांवर, म्हणजे पाण्याबरोबर वाहत राहणाऱ्या सूक्ष्म जिवांवर संशोधन करते आणि नुकतीच अरबी समुद्रातून जहाजाची फेरी करून आली आहे. माणसं कल्पित; सालं, आकडे, शास्त्रज्ञांची नावं खरी.

मामा : एवढे दिवस समुद्रात होतीस. काय आणलंस?

भाची : बाटल्या. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले नमुने.

मामा : म्हणजे मासळी नाहीच.

भाची : मासळीचं खाणं आहे.

मामा : ते मी रोज आणतो गो. जवळा.

भाची : मग तूसुद्धा प्लवकवालाच की! जवळा ओढीविरुद्ध पोहू शकत नाही, पाणी नेईल तिकडे जातो, म्हणून तर डोलीत येतो. बोंबील जवळा खायला येतो, तोही डोलीत सापडतो. तू पोहणाऱ्या माशामागे पळत नाहीस. खुंट ठोकून ठेवतोस आणि वाहून येणाऱ्याची वाट बघतोस.

मामा : बघतो, पण माझ्या डिझेलवर. तू सरकारच्या पैशाने शेकडो मैल लांब जाऊन बघतेस. तिथे मासे मारायला कोण जातं? आपल्या डोली वीस-पंचवीस वाव पाण्यात. तुझा तो दोन-दोन हजार मीटर खोल समुद्र मुंबईच्या कुठल्या ताटात येतो, ते सांग.

भाची : ताटात आलं तरच अभ्यास करायचा?

मामा : आधी ताटातलं करा, मग उरलेलं. मालाडच्या खाडीत जाऊन बघ. महापालिकेची मलजलाची सात केंद्रं. त्यातली वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप तर आपल्या उपनगरांतली. त्यांचं पाणी शेवटी जातं कुठे? खाडीत, समुद्रात. त्यात सी लिंकचे खांब. आणि तिकडे खोल समुद्रासाठी म्हणे हजारो कोटी!

भाची : ४,०७७ कोटी. २०२१ मध्ये मंजूर झालेलं खोल समुद्र अभियान, पाच वर्षांसाठी. पण ते काही प्लवकांचे पैसे नाहीत. त्यात माणसं घेऊन सहा हजार मीटर खाली जाणारी ‘मत्स्य ६०००’ पाणबुडी आहे, खनिजं आहेत, बरंच काही आहे. प्लवकांच्या वाट्याला त्यातलं किती येतं हे विचारशील तर तुला माझी दया येईल.

मामा : येईल, येईल. पण मुद्दा तोच. जवळचं सोडून लांब कशाला?

भाची : कारण जवळचं पाणी लांबून येतं. तूच सांगतोस ना, पाऊस संपल्यावर कधी कधी तळाला काही नसतं, मासळी वर किंवा किनाऱ्याला चिकटलेली असते?

मामा : पाणी खराब असतं तेव्हा. जुनी माणसंही सांगायची.

भाची : ते खराब पाणी मालाडच्या गटारातून येत नाही. अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत एक जाड थर आहे, त्यात ऑक्सिजन जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर सरकतं आणि त्याची जागा घ्यायला खालचं पाणी उतारावरून वर चढतं. आधीच ऑक्सिजन कमी असलेलं, पण खतांनी भरलेलं. वर पावसाच्या गोड्या पाण्याचं झाकण, त्यामुळे हवा खाली पोचत नाही. खत मिळालं की प्लवक माजतं, मरतं, तळाला बसून कुजतं आणि उरलासुरला ऑक्सिजनही खातं. सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाची हालत सगळ्यात वाईट. गोव्याच्या एनआयओतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं. त्यांनी पुढे हेही सांगितलं की किनाऱ्यावरून येणारं खत ही हालत आणखी बिघडवतंय.

मामा : म्हणजे गटार आलंच!

भाची : आलं. पण एकटं नाही. तू म्हणतोस तसं फक्त खाडी तपासत बसलो तर अर्धं कारण हातातून जाईल.

मामा : आणि तू म्हणतेस तसं फक्त लांब गेलो तर दुसरं अर्धं.

(इथे मामाला गुण द्यायला हवेत. समुद्रविज्ञानाची प्रतिष्ठा मोठ्या जहाजाला आहे, खाडीला नाही. खाडीत उतरलं की चिखल लागतो आणि वर महापालिकेशी वाद होतो.)

मामा : बरं, मला जाळं दाखव तुझं. आस केवढा?

भाची : एकेक भोक मिलिमीटरच्या एक तृतीयांशाचं. १९६० ते ६५ मध्ये आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची जहाजं होती, आपलं ‘आयएनएस किस्त्ना’ होतं, आणि एका भारतीय बोटीचं तर नावच ‘बांगडा’. तेव्हा सगळ्यांनी एकाच मापाचं जाळं वापरायचं ठरवलं : तोंड एक चौरस मीटर, आस ०.३३ मिलिमीटर, दोनशे मीटर खोल सोडायचं आणि सरळ वर ओढायचं. सगळे नमुने कोचीच्या केंद्रात गोळा झाले. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ ला एनआयओ जन्मली.

मामा : एकच जाळं, एकच खोली. हे आवडलं. नाहीतर ज्याचा आस वेगळा त्याची मासळी वेगळी. पण ०.३३ पेक्षा बारीक आहे ते?

भाची : गळून जातं.

मामा : म्हणजे किती?

भाची : खरं सांगू? संख्येने पाहिलं तर जवळजवळ सगळंच. प्रोक्लोरोकॉकस नावाचा जीव आहे, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. उन्हावर अन्न करणाऱ्या जिवांत जगात संख्येने पहिला. तो १९८०च्या दशकात सापडला, सॅली चिझम आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. त्याआधी शंभर वर्षं माणसं प्लवकांची जाळी ओढत होती आणि तो आरपार जात होता.

मामा : मग तुम्ही जाळ्यात आलं त्यावरून समुद्र केवढा ते सांगत होतात. आम्हीही तेच करतो, फक्त त्यावर पदवी घेत नाही.

भाची : घे, हस. अरबी समुद्रात याच चुकीने एक कोडं झालं होतं. दोन मोसमी वाऱ्यांच्या मधल्या काळात समुद्रात हिरवं खाणं फार कमी असतं, पण ते खाणारे बारीक प्राणी जाळ्यात तेवढेच येत राहतात. खाणं नाही आणि खाणारे टिकतात कसे? मधली साखळी इतकी बारीक होती की जाळ्याला दिसतच नव्हती : जिवाणू, त्यांना खाणारे एकपेशी जीव, आणि मग त्यांना खाणारे मोठे. म्हणून आता जाळ्याबरोबर बाटल्यांचं चक्रही उतरवतो. हव्या त्या खोलीवर बाटलीचं तोंड मिटतं. पाणी गाळायचं, कागदावर राहिलेलं हरितद्रव्य मोजायचं, थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा. जाळीसुद्धा एकाखाली एक अशी, की ठरलेल्या खोलीवर एक मिटतं आणि दुसरं उघडतं.

मामा : आणि हे सगळं रात्री का? फोन केला की तू म्हणायचीस, रात्रपाळी आहे.

भाची : कारण रात्री ते वर येतात. संध्याकाळी साउंडरच्या पडद्यावर बघायचं. चार-पाचशे मीटरवर एक जाड पट्टा असतो आणि सूर्य बुडाला की तो हळूहळू वर चढायला लागतो. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या माणसांना तो समुद्राचा तळच वाटला होता. पण तळ रात्री वर कसा येईल? तो असतो जिवांचा थर. बारीक कोळंब्या, कोपेपॉड नावाचे कवचवाले बारीक प्राणी, अंगावर दिवे असलेले छोटे मासे. दिवसा मोठ्या माशांच्या डोळ्यांपासून लांब अंधारात राहायचं, रात्री वर येऊन खायचं, पहाटे पुन्हा खाली. आणि आपल्या समुद्रात ते कुठे लपतात माहीत आहे? त्याच ऑक्सिजन नसलेल्या थरात. कुपा, सुरमई तिकडे जाऊच शकत नाहीत. प्लूरोमामा इंडिका नावाचा एक कोपेपॉड तर तिथे इतका रुळलाय की जणू तो थर त्याच्यासाठीच केलाय.

मामा : जिथे दुसऱ्याचा जीव जातो तिथे यांची खोली. चांगलंय. पण पोरी, एक गोष्ट मला पटत नाही. तुम्ही शास्त्रज्ञ एकमेकांशी तरी बोलता का? एकदा वाचलं, अरबी समुद्रात प्लवक वाढलं. मग वाचलं, कमी झालं. मी कशावर विश्वास ठेवू?

भाची : दोन्ही छापलेलं आहे आणि दोन्हीमागे आपलीच माणसं आहेत. २००५ साली मूळचे गोव्याचे ज्योकिम गोएस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की आशिया-युरोपच्या जमिनीवरचा बर्फ कमी होतोय, जमीन जास्त तापतेय, त्यामुळे नैऋत्येचे वारे जोर धरताहेत आणि सोमालिया-ओमानच्या बाजूला त्या वाऱ्यांच्या महिन्यांतलं प्लवक तीनशे टक्क्यांहून जास्त वाढलंय. २०१६ मध्ये पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं की पश्चिम हिंदी महासागरात साठ वर्षांत प्लवक वीस टक्क्यांपर्यंत घटलं. वरचं पाणी तापलं की ते हलकं होऊन वरच राहतं, खालचं खत वर येत नाही.

मामा : एक म्हणतो चौपट झालं, दुसरा म्हणतो पाचवा हिस्सा गेला. आमच्यात असं बोललो तर बाजारात हसतील.

भाची : दोघांचा काळ वेगळा आहे. पहिल्याने उपग्रहाच्या नोंदी घेतल्या, १९९७ ते २००४. आणि १९९७ हे वर्षच विचित्र होतं, मोठा एल निनो. सुरुवातच वेडीवाकडी असेल तर पुढची रेघ कशीही चढते. दुसऱ्याने साठ वर्षांचं पाहिलं, पण उपग्रह नव्हते त्या वर्षांसाठी गणिती प्रतिमानांवर भर दिला.

मामा : म्हणजे एकाकडे वर्षं कमी आणि दुसऱ्याकडे मोजमाप कमी.

भाची : …हो.

(याहून नेमकं मला लिहिता आलं नसतं. पुढे मी हेच धरून बसणार आहे.)

मामा : आणि ते चमकणारं पाणी? कोरोनाच्या वर्षी, नोव्हेंबरात, जुहूला लोक रात्री निळ्या लाटा बघायला धावले होते. आम्हाला नवीन नाही. जाळं हललं की पाणी पेटतं, त्या उजेडात मासळीचा थवा ओळखता येतो.

भाची : त्याच्यावरही भांडण आहे! नॉक्टिल्युका. डोळ्याला दिसेल एवढी एकच पेशी, हलवली की चमकते. उत्तर अरबी समुद्रात तिचा हिरवा प्रकार असतो. तिच्या पोटात हिरवे सूक्ष्म जीव राहतात, ते तिला अन्न करून देतात आणि शिवाय ती स्वतः दुसऱ्यांना खाते. पूर्वी जानेवारी-फेब्रुवारीत कोरडं गार वारं सुटलं की वरचं पाणी जड होऊन खाली बसायचं, शंभर मीटरपर्यंत ढवळून निघायचं, खत वर यायचं आणि काचेच्या कवचाचे डायटम नावाचे प्लवक फुलायचे. ते ढवळणं एनआयओच्या मधुप्रताप यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवून दिलं. २००० नंतर त्या डायटमची जागा ही नॉक्टिल्युका घ्यायला लागली. हेल्गा गोम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये म्हटलं की कमी ऑक्सिजनचं पाणी वर सरकतंय आणि ते हिला मानवतं. हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्रातल्या गटाने २०१८ मध्ये म्हटलं, आम्ही मोजलं तिथे ऑक्सिजन भरपूर होता, तरीही ती होती.

मामा : आणि तिला खातं कोण?

भाची : फारसं कोणी नाही. जेलीसारखे प्राणी. म्हणून काळजी. डायटम खाऊन कोपेपॉड वाढतात, कोपेपॉड खाऊन मासे. नॉक्टिल्युका खाऊन जेली वाढली तर साखळी तिथेच थांबते. जेलीला बाजारात कोण विचारतो?

मामा : कोणी नाही. जाळं तेवढं फाटतं. पण तरी तुम्हाला अजून कारण माहीत नाही.

भाची : नाही. म्हणूनच परत जायचंय.

मामा : उपग्रहाचं बोल. इन्कॉइसचा संदेश मोबाइलवर येतो, अमुक बंदरापासून अमुक दिशेला, एवढे किलोमीटर, एवढी खोली, तिथे मासळी असेल.

भाची : बघ ना, हेच तर तुझ्या ताटातलं उत्तर. उपग्रह वरून पाण्याचा रंग बघतो, हरितद्रव्य कुठे आहे ते कळतं, वरच्या पाण्याचं तापमान कळतं. जिथे गार-कोमट पाणी मिळतं आणि हिरवं असतं, तिथे बांगडा-तारलीचे थवे जमतात. प्लवकांचं शास्त्र थेट होडीत.

मामा : कोणाच्या होडीत? माझी डोल खुंटाला बांधलेली आहे. तुझ्या संदेशासाठी खुंट उपटून नेऊ? तो संदेश ट्रॉलरवाल्याच्या आणि पर्ससीनवाल्याच्या कामाचा. मोठं इंजिन, मोठं जाळं, आधीच पुढे. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर बंधनं घातली, ती का? किनाऱ्याजवळचे थवे ते एका फेरीत उचलतात म्हणून. आणि तुम्ही त्यांना थवा कुठे आहे तेही सांगता.

भाची : याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणजे शास्त्राकडे आहे, माहिती सगळ्यांसाठी खुली असते वगैरे. पण ज्याच्याकडे जायला बोट आहे त्यालाच ती उपयोगी.

मामा : शाबास.

भाची : आणि आणखी एक ऐक, तूच वापरशील उद्या भांडताना. मुंबईसमोर पाणी गढूळ आहे. चिखलाचा रंग आणि हरितद्रव्याचा रंग उपग्रहाच्या हिशेबात एकमेकांत मिसळतात. ढग असले तर काहीच दिसत नाही. आणि दिसतं ते फक्त वरच्या थरातलं.

मामा : म्हणजे जिथे आम्ही आहोत तिथेच त्याला नीट दिसत नाही. मग सांग, २०१९ मध्ये राज्याची मासळी दोन लाख टनांवर आली. केंद्राच्या सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनेच, सीएमएफआरआयनेच, सांगितलं, ४५ वर्षांतली सगळ्यात कमी. तुझ्या बाटलीतून कारण काढ.

भाची : एका वर्षाचं कारण बाटलीतून निघत नाही. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळं भर हंगामात आली, बोटी बंदरात अडकल्या. मासे कमी होते की मासेमारीचे दिवस कमी होते, हे वेगळं करायला आधीच्या वर्षांचं पाण्याचं मोजमाप लागतं. दर पंधरवड्याचं, एकाच जागेचं. गोव्याला कांदोळीसमोर एनआयओने १९९७ पासून असं ठिकाण धरलंय. तळाचा ऑक्सिजन, खत, प्लवक, वर्षामागून वर्ष. नक्वींचं म्हणणं टिकलं ते अशा नोंदींमुळे.

मामा : मुंबईसमोर धर की!

भाची : जहाज कुठून आणू दर पंधरवड्याला?

मामा : मी उधाणाला जातो, भांगाला जातो. पावसाळ्याची बंदी सोडली तर वर्षभर जातो. खुंट एका जागेवर आहे, जीपीएस आहे. तुझं ते जाळं माझ्या होडीतून सोड. किती वजन असतं?

भाची : वजनाचा प्रश्न नाही, शिस्तीचा आहे. तीच वेळ, तीच खोली, नोंदवही, फॉर्मॅलिन. पण असं झालंय. इंग्रज शास्त्रज्ञ अॅलिस्टर हार्डी यांनी एक यंत्र केलं. ते मालवाहू जहाजाच्या मागे बांधायचं. आत रेशमी जाळीची पट्टी हळूहळू गुंडाळत जाते आणि प्लवक त्यात अडकून राहतं. जहाजावर एकही शास्त्रज्ञ नसतो. १९३१ पासून उत्तर अटलांटिकमध्ये ते चालू आहे. मध्ये ऐंशीच्या दशकाअखेर पैसे थांबले, बंद पडायच्या बेतात होतं, मग वाचलं. आज तिथे प्लवक उत्तरेला सरकल्याचं सांगता येतं ते त्या पट्ट्यांमुळे.

मामा : मग अडलंय कुठे?

भाची : मोजायला माणसं हवीत. कोपेपॉडची जात ओळखणारे हात कमी होत चाललेत. विद्यार्थी येतो, प्रबंध करतो, चार वर्षांत जातो. प्रबंध संपतो. मोजमाप संपता कामा नये.

मामा : म्हणजे अडचण खोल समुद्राची नाही, तुमच्या टेबलाची आहे.

संवाद इथे थांबवतो, कारण पुढे दोघं जेवायला उठली असती. मला जे वाटतं ते सांगतो. खोल समुद्राचा अभ्यास ही चैन आहे, हे मामाचं म्हणणं मला मान्य नाही. सप्टेंबरात वर्सोव्यासमोर तळाशी काय होतं हे दीडशे मीटर खालच्या थराशिवाय कळणार नाही, आणि त्या थराकडे किनाऱ्यावरून बघता येत नाही. भाचीचं जहाजावर जाणं गरजेचं आहे. टीव्हीवर सांगतात तसा ‘दर दुसरा श्वास समुद्राचा’ म्हणून नव्हे. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातला जवळपास निम्मा वाटा सागरी प्लवकांचा, हे खरं. पण त्यातून निघालेला बहुतेक ऑक्सिजन समुद्रातल्या खाण्या-कुजण्यातच संपतो. प्लवकांची थोरवी सांगायला अर्धसत्याची गरज नाही.

पण मामाचं दुसरं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. वाढ की घट या वादात दोन्ही बाजूंना हुशार माणसं आहेत. कमी पडतात ती न तुटलेली वर्षं. एक मोहीम, मग मोठी फट, मग दुसरी मोहीम, मधल्या काळात उपग्रह. यातून निघणारं उत्तर पुढच्या शोधनिबंधापर्यंतच टिकतं. आणि उपनगरांना याचं काय, असं मुलुंड-भांडुपच्या वाचकाने विचारू नये. ठाणे खाडीत दर हिवाळ्यात येणारे छोटे रोहित पक्षी चोचीने गाळून खातात ते सूक्ष्म शेवाळ आणि डायटमच.

वर्सोव्याच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी खुंटाजवळची एक जागा आणि दोन होड्या द्याव्यात, अंधेरीतल्या दोन्ही संस्थांनी जाळं, बाटल्या आणि मोजणारे कायमचे हात द्यावेत, आणि राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने त्याचा खर्च पाच वर्षांच्या प्रकल्पात न बसवता दरवर्षीच्या अर्थसंकल्पात बसवावा. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते. सुरुवात करायला १ ऑगस्ट ही तारीख योग्य आहे.